कवटीच्या शिवणी आणि निदानाची यंत्रे : एक आढावा

बाळाचे डोके एका बाजूने चपटे दिसते, कपाळाच्या मधोमध कंगोरा आल्यासारखा वाटतो किंवा डोके दिवसेंदिवस लांबुळके होत चालले आहे, अशी तक्रार घेऊन पालक बालरोगतज्ज्ञांकडे येतात. डॉक्टरांपुढे तेव्हा दोन शक्यता असतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत कारण साधे असते. सतत पाठीवर किंवा एकाच कुशीवर झोपल्याने मऊ कवटी तेवढ्या जागी सपाट झालेली असते. दुसरी शक्यता दुर्मीळ, पण गंभीर आहे. कवटीच्या हाडांमधली एखादी शिवण वेळेआधीच सांधली गेलेली असते. या विकाराला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात आणि साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. पहिल्या प्रकारात कूस बदलत राहणे आणि वाट पाहणे बहुधा पुरते. दुसऱ्यात बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि तीही शक्यतो पहिल्या वर्षात.

या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी गेली सुमारे चार दशके सीटी स्कॅन हीच अखेरची कसोटी मानली गेली. मात्र लहान मुलांना मिळणाऱ्या क्ष-किरणांच्या मात्रेबद्दलची काळजी वाढली, सोनोग्राफी आणि एमआरआय सुधारले, त्रिमितीय छायाचित्रण आले. आणि जे उत्तर ठरल्यासारखे वाटत होते, त्यावर पुन्हा चर्चा सुरू झाली. ती चर्चा आज कुठे येऊन पोहोचली आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

कवटी वाढते कशी

जन्माच्या वेळी कवटीची हाडे एकमेकांना जोडलेली नसतात. त्यांच्यामध्ये तंतुमय ऊतीच्या शिवणी असतात. शिवणी जिथे भेटतात, तिथे टाळू असते. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने वाढतो, शिवणींच्या कडांवर नवे हाड तयार होत जाते आणि कवटी मेंदूला जागा करून देते.

एखादी शिवण आधीच बंद झाली, तर तिच्या काटकोनात होणारी वाढ खुंटते आणि कवटी उरलेल्या मोकळ्या दिशांना वाढते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५१ मध्ये मांडलेला हा नियम आजही निदानाचा पाया आहे. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी सॅजिटल शिवण बंद झाली की डोके लांब आणि अरुंद होते. कपाळातली मेटोपिक बंद झाली की कपाळ त्रिकोणी होते. एका बाजूची कोरोनल बंद झाली, तर त्या बाजूचे कपाळ मागे दबते आणि डोळ्याची खोबण वर ओढली जाते. सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये सॅजिटल शिवणच बाधित असते. डोक्याच्या मागच्या भागातली लॅम्बडॉइड सर्वांत क्वचित. काही मुलांमध्ये एकाहून अधिक शिवणी बंद होतात आणि त्यामागे क्रूझाँ, अपर्ट, फायफर यांसारखे जनुकीय विकार असतात.

टाळू भरण्याची पद्धत घरोघरी असल्याने टाळू सर्वांच्या परिचयाची आहे, आणि म्हणूनच तिच्यावरून घाईने निष्कर्ष काढले जातात. टाळू उघडी आहे म्हणून सगळ्या शिवणी मोकळ्या आहेत, असे होत नाही. टाळू थोडी लवकर भरली म्हणजे शिवण सांधली गेली, असेही नाही.

चुकीच्या निदानाचा इतिहास

कवटीवर शस्त्रक्रिया करण्याचे पहिले प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. पॅरिसमध्ये लानलाँग आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेन या शल्यविशारदांनी बंद शिवणीजवळचे हाड काढून मेंदूला मोकळीक देण्याची कल्पना मांडली. पाहता पाहता ती पसरली. अडचण अशी होती, की यातल्या अनेक मुलांच्या शिवणी बंदच नव्हत्या. मेंदूची वाढच खुंटल्यामुळे त्यांचे डोके लहान राहिले होते आणि हाड कापून ती वाढ होणार नव्हती. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी १८९४ मध्ये या शस्त्रक्रियांचा जाहीर निषेध केला. त्यांनी मांडलेल्या ३३ मुलांपैकी १५ दगावली होती. त्यानंतर कित्येक वर्षे हा मार्ग जवळजवळ बंद पडला.

पुढच्याच वर्षी रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची कवटी न उघडता पाहता येऊ लागली. साध्या एक्स-रेवर बंद शिवणीची रेघ नाहीशी झालेली दिसे. कोरोनल शिवण बंद असेल, तर डोळ्याची खोबण तिरकी वर गेलेली दिसे. या खुणेला रेडिओलॉजिस्ट आजही ‘हार्लेक्विन आय’ म्हणतात. पण गोल कवटीची सावली सपाट फिल्मवर पडली की हाडे एकमेकांवर येतात, आणि तीन महिन्यांच्या बाळाचे हाड तर मुळातच पातळ. त्यामुळे शंकेला जागा राहत असे.

१९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्याच सुमारास फ्रान्सचे पॉल टेसिए चेहरा आणि कवटी यांच्यावरील एकत्रित शस्त्रक्रियेचे नवे शास्त्र उभे करत होते. अशा शस्त्रक्रियेसाठी आधी नकाशा लागतो. अमेरिकेतील सेंट लुइस येथे मायकेल व्हॅनियर आणि जेफ्री मार्श यांनी १९८३-८४ च्या सुमारास सीटीच्या कापांपासून कवटीची त्रिमितीय प्रतिमा तयार करून दाखवली, आणि शल्यविशारदाला हवा असलेला नकाशा मिळाला. तेव्हापासून त्रिमितीय सीटी ही या क्षेत्राची अधिकृत भाषा झाली.

सपाट डोक्यांची लाट

१९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथे न झोपवता पाठीवर किंवा कुशीवर झोपवण्याचा सल्ला दिला. १९९४ पासून पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. त्याच काळात मागून चपट्या डोक्याची बाळे मोठ्या संख्येने दवाखान्यांत येऊ लागली. त्यातल्या काहींना लॅम्बडॉइड शिवण बंद असल्याचे निदान मिळाले आणि गरज नसलेल्या शस्त्रक्रियाही झाल्या.

हा गोंधळ निवळला तो यंत्रामुळे कमी आणि बारकाईने पाहण्यामुळे जास्त. सिएटलच्या गटाने १९९६ मध्ये दोन्हींमधला फरक नेमका मांडला. झोपण्याच्या सवयीने चपटे झालेले डोके वरून पाहिले तर समांतरभुज चौकोनासारखे दिसते आणि चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. लॅम्बडॉइड खरोखर बंद असेल, तर आकार समलंब चौकोनाकडे झुकतो आणि त्या बाजूला कानामागचा उंचवटा फुगतो. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या २०१६ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार सवयीच्या सपाटपणाचे निदान तपासणीनेच करावे; प्रतिमा क्वचित, तपासणीतून स्पष्टता येत नसेल तेव्हाच घ्यावी.

उपचारांबाबत मात्र असे एकमत नाही. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत लक्षणीय फरक आढळला नाही. पूर्ण सुधारणा अनुक्रमे २६ आणि २३ टक्के बाळांत झाली. तरीही सपाटपणा मध्यम ते तीव्र असेल आणि इतर उपायांनी हटत नसेल, तर २०१६ च्या सूचना हेल्मेटची शिफारस करतात. महाराष्ट्रात हेल्मेटच्या आधी मोहरीची उशी आणि मालिश करताना डोके दाबून गोल करण्याची पद्धत येते. यातल्या कशानेही सांधलेली शिवण उघडत नाही.

सीटी हवेच, असे म्हणणारे

त्रिमितीय सीटीच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. स्कॅन काही सेकंदांत होतो. दूध पाजून गुंडाळलेल्या बाळाला अनेकदा भूलही लागत नाही. एका चित्रात सगळ्या शिवणी दिसतात, त्यामुळे वरवर एकच वाटणाऱ्या विकारात दुसरी बंद शिवण निसटत नाही. हाडाची जाडी, कवटीचा तळ, मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या यांची माहितीही मिळते. हाड कुठे कापायचे, कुठे वळवायचे, हे शस्त्रक्रियेआधी संगणकावर ठरवता येते आणि त्यानुसार त्रिमितीय छपाईतून साचे बनवता येतात. एकाहून अधिक शिवणी बंद असलेल्या किंवा जनुकीय विकार असलेल्या मुलांमध्ये सीटीच्या गरजेबद्दल फारसे दुमत नाही.

हात आणि डोळे पुरेसे, असे म्हणणारे

वाद आहे तो एकाच शिवणीच्या साध्या विकारांबाबत. अमेरिकेतील डॅलस येथील जेफ्री फिअरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा मुलांच्या निदानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवी तज्ज्ञाच्या हाताने केलेले निदान ९८ टक्के वेळा अचूक ठरले. त्यांचा प्रश्न सरळ होता : स्कॅनमुळे ना निदान बदलत असेल ना शस्त्रक्रिया, तर तो करायचा कशासाठी? ब्रिटन आणि कॅनडातील काही केंद्रांनीही याच दिशेची मते मांडली आहेत.

यावरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे. ही अचूकता दर आठवड्याला अशी मुले पाहणाऱ्या केंद्रांची आहे. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाला अख्ख्या कारकिर्दीत अशी मोजकीच बाळे दिसतात. त्यामुळे स्कॅनच्या मागण्यांचा मोठा वाटा तज्ज्ञाकडे पोहोचण्याआधीच्या टप्प्यावर तयार होतो. तिथे सीटी सुचवला जातो आणि मग मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी तो पुन्हा करावा लागण्याची वेळ येते. अनुभवी तज्ज्ञाकडे आधी पाठवा आणि स्कॅनचा निर्णय त्याच्यावर सोडा, हा मुद्दा दोन्ही बाजूंना मान्य होताना दिसतो.

किरणांचा हिशेब

डोक्याच्या नेहमीच्या सीटीमधून मुलाला मिळणारी प्रभावी मात्रा ढोबळमानाने दोन मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी मिळणाऱ्या किरणोत्साराची जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे. तुलना दिलासा देणारी वाटते. पण वाढत्या वयातल्या ऊती किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि परिणाम दिसायला पुढे सारे आयुष्य पडलेले असते.

२०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासाने या चर्चेला आकडे दिले. बालपणी सीटीतून सुमारे ५० ते ६० मिलिग्रे एकत्रित मात्रा मिळालेल्यांत रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचा धोका तिपटीच्या जवळ गेलेला दिसला. प्रत्यक्ष संख्येत हा धोका छोटा होता : दहा वर्षांखालील मुलांच्या १०,००० डोक्याच्या स्कॅनमागे पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतील गाठीचा एक जादा रुग्ण. टीकाकारांनी लगेच विचारले, की या मुलांचे स्कॅन आधीच असलेल्या आजाराच्या शंकेनेच झाले नसतील कशावरून? पुढच्या विश्लेषणांत ही शक्यता धरूनही धोका पूर्ण पुसला गेला नाही. २०२३ मध्ये नऊ युरोपीय देशांतील साडेनऊ लाखांच्या आसपास व्यक्तींच्या अभ्यासानेही रक्ताच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला.

एका स्कॅनचा धोका फार कमी आहे, पण शून्य नाही आणि प्रत्येक स्कॅनने त्यात भर पडते. सध्याचा पुरावा एवढेच सांगतो. मोजक्या मात्रेचे खास बालकांसाठीचे स्कॅन हा यावरचा व्यवहारी मार्ग ठरला आहे. शिवण पाहायची असेल, तर मेंदूचे बारकावे दाखवणारी मात्रा लागत नाही. काही केंद्रांनी ती नेहमीच्या मात्रेच्या लहानशा अंशावर आणली आहे.

किरणांशिवायचे मार्ग

सोनोग्राफी हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग. उच्च वारंवारतेचा प्रोब शिवणीवर आडवा फिरवला, की दोन पांढऱ्या हाडांच्या कडांमध्ये मोकळी शिवण काळ्या फटीसारखी दिसते. सांधलेल्या ठिकाणी ती फट नाहीशी होते. १९९० च्या दशकापासून कॅनडा, जर्मनी, फ्रान्स, इटली येथील अभ्यासांनी तिची अचूकता चांगली असल्याचे दाखवले आहे. भूल नको, किरण नकोत, खर्च कमी. मर्यादा दोन : सारे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून, आणि वय वाढते तसे हाड जाड होऊन चित्र धूसर होते. पहिल्या सहा महिन्यांत ती सर्वाधिक उपयोगी पडते, वर्षानंतर फारशी नाही.

एमआरआय मेंदू उत्तम दाखवतो, हाड मात्र नाही. ऑक्सफर्डच्या कॅरेन एली आणि सहकाऱ्यांनी २०१२ पासून याच उणिवेचा उपयोग करून घेतला. त्यांच्या ‘ब्लॅक बोन’ पद्धतीत मऊ ऊतींमधला फरक मुद्दाम पुसट केला जातो. हाड काळे उठून दिसते आणि त्यात शिवणी उजळ दिसतात. हवाही काळीच दिसत असल्याने नाकाजवळच्या पोकळ्यांपाशी संगणकाचा गोंधळ होतो आणि त्रिमितीय प्रतिमा तयार करायला माणसाचा वेळ लागतो. मोठी अडचण भुलेची आहे, कारण एमआरआयला मिनिटे लागतात आणि बाळ हलून चालत नाही. तीन वर्षांखालील मुलांना दीर्घ किंवा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला. तासाभराच्या आतल्या एका भुलेने पाचव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडत नाही, असा निष्कर्ष २०१९ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दिला. म्हणजे किरण टाळण्यासाठी भूल स्वीकारावी का, हा सौदा प्रत्येक मुलागणिक वेगळा ठरतो.

तिसरा मार्ग त्रिमितीय छायाचित्रणाचा. अनेक कॅमेऱ्यांनी क्षणार्धात डोक्याचा बाह्य आकार टिपला जातो. २०२० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६ अशा चित्रांवर संगणकाला शिकवले, तेव्हा त्याने १९५ चे वर्गीकरण बरोबर केले. आकडा आकर्षक असला, तरी चित्रे निवडक होती. रोजच्या बाह्यरुग्ण विभागातील संशयास्पद, अधल्यामधल्या डोक्यांवर हे तंत्र कितपत टिकते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर आकार कसा बदलतो, हे वर्षानुवर्षे मोजण्यासाठी मात्र हे साधन आताच रुळले आहे.

प्रतिमा जिथे अपुरी पडते

मेटोपिक शिवण हे या क्षेत्रातले जुने कोडे आहे. बाकीच्या शिवणी प्रौढपणापर्यंत टिकतात. ही मात्र तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान नैसर्गिकरीत्याच बंद होते. म्हणून सहा महिन्यांच्या बाळाच्या सीटीवर ‘मेटोपिक बंद’ असे लिहून आले, तरी तो आजार ठरत नाही. कपाळावर नुसता कंगोरा आहे की कपाळ त्रिकोणी झाले आहे, डोळे जवळ आले आहेत का, हे पाहावे लागते. कोनांची वेगवेगळी मापे सुचवली गेली आहेत. शस्त्रक्रियेची सीमारेषा कोणत्या अंशावर आखायची, यावर एकमत झालेले नाही.

दुसरी मर्यादा मेंदूवरच्या दाबाची. पॅरिसच्या रेनिए यांच्या १९८० च्या दशकातील मोजमापांत एक शिवण बंद असलेल्या साधारण सातांपैकी एका मुलात, तर अनेक शिवणी बंद असलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुलांत दाब वाढलेला आढळला. कवटीच्या आतल्या पृष्ठभागावर उमटणारे ठसे ही दाबाची खूण समजली जाई, पण ती भरवशाची नाही. निरोगी मुलांतही ते दिसतात. त्यामुळे डोळ्याच्या पडद्याची तपासणी हाच पाठपुराव्याचा मुख्य आधार राहिला आहे. क्रूझाँसारख्या विकारांत मेंदूचा मागचा भाग खाली सरकतो, शिरांचे मार्ग बदलतात. तिथे एमआरआयला पर्याय नाही.

भारतातले चित्र

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघर येथून झाली. त्यात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, हृदयदोष आहेत. क्रॅनिओसिनोस्टोसिसचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे निदान पालकांच्या आणि पहिल्या डॉक्टरांच्या नजरेवर सोडलेले राहते.

सोनोग्राफीचा प्रश्न इथे वेगळाच आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. त्यानुसार यंत्रांची नोंदणी बंधनकारक आहे आणि हलवता येणाऱ्या यंत्रांवर कडक बंधने आहेत. युरोपातल्यासारखे शल्यविशारदाने बाह्यरुग्ण विभागातच प्रोब फिरवणे इथे सहज शक्य नाही. बाळाला नोंदणीकृत केंद्रात पाठवावे लागते आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टला शिवणी पाहण्याचा सराव असावा लागतो. याउलट शहरांतून सीटी सहज मिळतो. आणखी एक कारण भारतात ध्यानात ठेवावे लागते : मुडदूस झालेल्या मुलांतही शिवणी लवकर बंद होऊ शकतात. तिथे कवटीच्या स्कॅनइतकीच मनगटाचा एक्स-रे आणि रक्ततपासणी महत्त्वाची असते.

काय ठरले, काय उरले

सवयीच्या सपाटपणासाठी प्रतिमेची गरज बहुधा नाही आणि जनुकीय किंवा अनेक शिवणींच्या विकारात सविस्तर प्रतिमा टाळता येत नाहीत, एवढे स्थिरावले आहे. लहान वयात शंका असेल, तर आधी सोनोग्राफी करावी, या दिशेने युरोपातील अनेक केंद्रे गेली आहेत. एका शिवणीच्या विकारात शस्त्रक्रियेआधी सीटी हवाच का, ब्लॅक बोन एमआरआय त्याची जागा घेईल का, मेटोपिकची सीमारेषा कुठे, आणि संगणकाचे निदान सामान्य दवाखान्यात किती टिकेल, हे चार प्रश्न उघडे आहेत.

पालकांसाठी यातून निघणारा सल्ला मोजका आहे. दुर्बिणीद्वारे होणारी छोटी शस्त्रक्रिया शक्यतो तीन-चार महिन्यांच्या वयात केली जाते. त्यानंतर मोठ्या शस्त्रक्रियेचाच पर्याय उरत जातो. डोक्याचा आकार महिनागणिक सुधारण्याऐवजी बिघडत असेल, शिवणीच्या रेषेवर कडक कंगोरा हाताला लागत असेल, कपाळ किंवा डोळ्यांच्या खोबणी असमान दिसत असतील, तर तिसरा महिना संपण्याआधी बाळाला बालमेंदूशल्यविशारद किंवा कवटी-चेहरा शल्यविशारदाला दाखवावे. कोणी सीटी सुचवला, तर या स्कॅनने उपचारात काय बदलणार आहे आणि मात्रा बालकांसाठीची ठेवली आहे का, हे विचारून घ्यावे.